पॅकहाऊसमधली पांढरी बोटं

रुग्णाची ओळख पटू नये म्हणून वय, घरची माणसं आणि काही तपशील बदलले आहेत. दोन-तीन रुग्णांच्या हकिकती एकात मिसळल्या आहेत. आजाराची चाल मात्र पाहिली तशीच लिहिली आहे.

फेब्रुवारीतली दुपार. निफाड तालुक्यातल्या द्राक्षाच्या एका पॅकहाऊसमध्ये काम करणाऱ्या, अडतिशीच्या ताई आल्या. उजव्या तर्जनीला फडकं गुंडाळलेलं आणि तो हात डाव्या हाताने छातीशी धरलेला. महिन्याभरापूर्वी बोटाच्या टोकाला ठसठस सुरू झाली. नखुर्डं म्हणून एका ठिकाणी चीर दिली, पू काही निघाला नाही. मग दोन वेळा अँटिबायोटिक, मग साखर तपासली, ती व्यवस्थित. शेवटी कुणीतरी दबक्या आवाजात कुष्ठरोगाचं नाव घेतलं आणि घर हादरलं. त्या माझ्याकडे आल्या त्या मुख्यतः हे नाव खोटं पाडून घ्यायला.

फडकं सोडलं. टोकाला वाटाण्याएवढी जखम, कडा तुटक, तळ पिवळट, भोवतीची कातडी फिकट. कापसाची वात हलकेच टेकवली तरी त्या कळवळल्या. कुष्ठरोगाचा प्रश्न तिथेच बराचसा सुटला, कारण त्यात अशी जखम बहुधा दुखत नाही, संवेदनाच गेलेली असते. कोपरामागची नस चाचपली, जाड नव्हती. अंगावर बधिर चट्टा नव्हता. मिस्टर दाराशी उभे होते, त्यांना आधी एवढंच सांगितलं, तेव्हा ते आत येऊन बसले.

पण मला जखमेपेक्षा बाकीची नऊ बोटं जास्त खटकत होती. सगळी फुगीर, तुकतुकीत, पेरांवरच्या सुरकुत्या गेलेल्या. अंगठी दोन वर्षांपूर्वीच काढून ठेवावी लागली होती. मधल्या बोटाच्या टोकाला टाचणीने टोचल्यासारखे दोन खळगे होते. ते जुने व्रण, म्हणजे आधीही काहीतरी होऊन गेलं होतं.

"थंडीत बोटांचं काय होतं, ताई?"

त्यांनी मोबाइल काढला. मुलीने काढलेला फोटो होता, पहाटे धुणं झाल्यावरचा. तीन बोटं दुसऱ्या पेरापर्यंत पांढरी, खडूसारखी, आणि पुढे अगदी सरळ रेष. "मेल्यासारखी होतात. मग निळी पडतात. मग लाल होऊन अशी ठणकतात की रडू येतं." किती वर्षं? "पाच तरी."

असा फोटो दहा तपासण्यांच्या तोडीचा असतो. दवाखान्यात येईपर्यंत बोटं पुन्हा रंगात आलेली असतात, आणि सावळ्या हातावर पांढरेपणा पटकन दिसतही नाही. तळव्याकडून आणि नखांवर पाहावं लागतं.

आधीची पाच वर्षं

या पाच वर्षांचा हिशेब लावायला मला अर्धा तास लागला, आणि तो अर्धा तास आधी कुणी दिला नव्हता. त्यात मीही आलो, कारण मधल्या काळात त्या एकदा खोकल्यासाठी माझ्याकडे येऊन गेल्या होत्या आणि मी हात पाहिले नव्हते.

निफाडची थंडी सगळ्यांना ठाऊक आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा दर हिवाळ्यात बातम्यांत असतो. त्यामुळे "बोटं गारठतात" या तक्रारीला इथे कुणी तक्रार मानतच नाही. त्यात ताईंचं काम पॅकहाऊसमधलं. हॉल गार ठेवलेला, आणि त्या ज्या टोकाला उभ्या राहायच्या तिथून भरलेल्या पेट्या प्रीकूलिंगला, म्हणजे थंड करायच्या खोलीत, जायच्या. दर थोड्या वेळाने ते दार उघडायचं. हातात पातळ मोजे, तेही घामाने आणि द्राक्षाच्या रसाने ओले.

पहिल्या हिवाळ्यात बोटं पांढरी पडली तेव्हा "रक्त कमी आहे" म्हणून लोहाच्या गोळ्या मिळाल्या. दुसऱ्या वर्षी बी-१२ची इंजेक्शनं. त्याच सुमारास अर्धशिशी सुरू झाली आणि तिच्यासाठी प्रोप्रॅनोलॉल. अर्धशिशीला ते चांगलं औषध आहे, पण बीटा ब्लॉकर गटातलं, आणि या गटाने बोटांच्या रक्तवाहिन्या आणखी आवळतात. त्या हिवाळ्यापासून झटके वाढल्याचं ताईंना नेमकं आठवत होतं. दोन्हींचा संबंध मात्र कुणी जोडला नाही. लिहून देणाऱ्याला बोटं माहीत नव्हती आणि बोटं पाहणाऱ्याला गोळी. ती तशीच चालू राहिली.

आणि मिश्री. पुरुष रुग्णाला आम्ही बिडी-सिगारेट हमखास विचारतो. बाईला "तंबाखू?" असं विचारलं की उत्तर "नाही" येतं, कारण तिच्या लेखी मिश्री म्हणजे दात घासणं. ताई सकाळ-दुपार मिश्री लावत होत्या. निकोटिन हिरड्यांतून गेलं म्हणून रक्तवाहिन्यांना काही सवलत देत नाही.

वर्षापूर्वी या सुजलेल्या बोटांचे सांधेही दुखू लागले, तेव्हा संधिवात म्हणून स्टिरॉइडच्या गोळ्या मिळाल्या. थोडा आराम पडला. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचली, का ते पुढे येईलच.

ठिबकच्या नळ्या

बोटं पांढरी-निळी-लाल पडण्याला रेनॉड म्हणतात. मोरिस रेनॉड या फ्रेंच डॉक्टराने १८६२ साली पॅरिसमध्ये आपल्या प्रबंधात त्याचं वर्णन केलं. त्याच्या मते दोष मज्जासंस्थेचा होता, तीच रक्तवाहिन्यांना नको तेवढं आवळायला लावते. १९२९ मध्ये लंडनच्या थॉमस लुईसने प्रयोग करून दाखवलं की दोष बोटातल्याच रक्तवाहिन्यांमध्ये असतो. पुढे कळलं की त्या वाहिन्यांच्या स्नायूपेशींत आल्फा-२सी नावाचे रिसेप्टर, म्हणजे संदेश पकडणारे रेणू, असतात. एरवी ते पेशीच्या आत दडलेले असतात, आणि गारठा लागला की पृष्ठभागावर येऊन वाहिनी आवळायला लावतात. म्हणजे हा झटका शरीराच्या नेहमीच्याच यंत्रणेचा अतिरेक आहे.

अनेकांमध्ये गोष्ट एवढ्यावरच थांबते. त्याला प्राथमिक रेनॉड म्हणतात. बहुतेकदा तरुण मुली, दोन्ही हातांना सारखाच त्रास, जखमा होत नाहीत, आयुष्यभर हिवाळ्यात थोडा जाच.

मिस्टरांना दुसरा प्रकार सांगताना मला द्राक्षबागच कामाला आली. ठिबकचा व्हॉल्व्ह कुणी आवळला तर पाणी थांबतं, सोडला की परत येतं. हा पहिला प्रकार. पण पाण्यातल्या क्षाराने नळीच आतून बुजत चालली असेल तर? व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असला तरी शेवटच्या झाडाला पाणी पुरत नाही, आणि त्यात कुणी व्हॉल्व्ह थोडासा आवळला तरी झाड वाळतं. ते लगेच म्हणाले, "मग ॲसिड सोडावं लागतं." मी म्हटलं, इथे ॲसिड नाही, अडचण तीच आहे.

स्क्लेरोडर्मा, म्हणजे सिस्टेमिक स्क्लेरोसिस, हा स्वयंप्रतिकार आजार. शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःवरच उलटते. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा होते, ते अस्तर एंडोथेलिनसारखी आवळणारी द्रव्यं जास्त सोडतं आणि सैल करणारी कमी. भिंत आतून जाड होत जाते. शेजारी कोलॅजन या चिवट प्रथिनाचा भरणा होतो, कातडी कडक होते, आणि हेच पुढे फुप्फुसात, अन्ननलिकेत, मूत्रपिंडात होऊ शकतं. रेनॉड हा ल्युपस आणि मिश्र संयोजी ऊतींचा (शरीर जोडून धरणाऱ्या धाग्यांचा) आजार या इतर स्वयंप्रतिकार आजारांतही दिसतो, पण बोटांची टोकं खाऊन टाकण्यात स्क्लेरोडर्माचा हात कुणी धरणार नाही. यातल्या बहुतेक रुग्णांत बोटं पांढरी पडणं हीच पहिली खूण असते, कधीकधी इतर कशाच्याही कित्येक वर्षं आधी.

नखाच्या मुळाशी

कातडी आणि नख जिथे मिळतात तिथे केशवाहिन्या आडव्या पहुडलेल्या असतात, म्हणून त्या वरून दिसतात. त्यासाठी खास यंत्र असतं. ते नसेल तर डोळ्यांच्या तपासणीचा ऑप्थॅल्मोस्कोप जास्तीत जास्त नंबरावर लावून किंवा त्वचारोगतज्ज्ञांचा डर्मोस्कोप वापरून, नखाच्या मुळाशी जेलचा थेंब टाकून काम भागतं. अनामिका बघायची, डावी असेल तर उत्तम. तिथली कातडी जरा पारदर्शक असते आणि कामाचा मार तिला कमी बसतो. कष्टाच्या हातांवर हे जपावं लागतं, नाहीतर खरचटल्याचे डागच आजार समजून बसायची भीती.

निरोगी केशवाहिन्या केसांच्या आकड्यांसारख्या एका रांगेत उभ्या दिसतात, एका मिलिमीटरमध्ये साधारण सातच्या वर. ताईंच्या अनामिकेवर मधल्या भागात रांगच नव्हती. जागा मोकळी, आणि कडेला दोन-तीन फुगून जाड झालेले वेटोळे, शेजारी रक्ताचे ठिपके. माझ्या साध्या डर्मोस्कोपमधूनही ते चुकण्यासारखं नव्हतं.

रक्तात एएनए, म्हणजे स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्धची प्रतिपिंडं, इम्युनोफ्लुओरेसन्स पद्धतीने. तो पॉझिटिव्ह आला, आणि त्यातून एससीएल-७० ही प्रतिपिंडं, म्हणजे टोपोआयसोमरेझविरोधी. स्क्लेरोडर्मात ती फुप्फुसाच्या आजाराशी जोडलेली आहेत.

२०१३ मध्ये अमेरिकेच्या आणि युरोपच्या संधिवात संघटनांनी मिळून या आजारासाठी गुण ठरवले. नऊ गुण झाले की आजार धरायचा. रेनॉडचे तीन, नखाजवळच्या बिघडलेल्या केशवाहिन्यांचे दोन, प्रतिपिंडांचे तीन, फुगीर बोटांचे दोन. दहा झाले. बोटाच्या टोकाचे खळगे धरले तर आणखी तीन. म्हणजे ज्या जखमेसाठी ताई आल्या, तिच्याशिवायच निदान पुरं होत होतं. अंगठी काढून ठेवली त्या वर्षीच ते झालं असतं.

मी हे उगाच म्हणत नाही. कॅनडातल्या कोनिग आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. रेनॉडखेरीज संयोजी ऊतींच्या कुठल्याही आजाराचं निदान न झालेल्या ५८६ रुग्णांवर त्यांनी वर्षानुवर्षं नजर ठेवली होती. त्यातल्या ७४ जणांना, म्हणजे १२.६ टक्क्यांना, पुढे स्क्लेरोडर्मा झाला. पण खरी गंमत फोड करून पाहण्यात आहे. सुरुवातीला केशवाहिन्या बिघडलेल्या आणि विशिष्ट प्रतिपिंडंही असलेल्यांपैकी सुमारे ८० टक्क्यांना आजार झाला. दोन्ही नव्हतं त्यांच्यात फक्त १.८ टक्के. नखावरचा एक थेंब आणि रक्ताची एक नळी एवढ्यावर दोन वेगळी भविष्यं कळतात. त्यानंतर युरोपातल्या व्हेडॉस या मोठ्या अभ्यासाने फुगीर बोटांनाही याच रांगेत आणून बसवलं.

तालुक्याच्या ठिकाणी याला अडचण पैशाची फारशी नाही. पांढऱ्या बोटांना कुणी आजार समजत नाही, अडचण तिथे आहे.

छातीचा एचआरसीटी, म्हणजे बारीक कापांचा सीटी स्कॅन, केला. फुप्फुसांच्या तळाशी धुरकट पट्टे आणि बारीक जाळी. फुंकण्याच्या चाचणीत क्षमता अपेक्षेच्या ७४ टक्के. पेटी उचलून चालताना दम लागतो हे ताईंनी तेव्हा कुठे सांगितलं. आधी त्यांनी तो वयाचा मानला होता, अडतिसाव्या वर्षी. वर्षापूर्वी मी खोकल्याचं औषध दिलं होतं, तो खोकला बहुधा हाच. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, फुप्फुसाच्या रक्तवाहिनीचा दाब वाढलेला नव्हता, मूत्रपिंडाचं काम सांगणारं क्रिएटिनिन ठीक होतं.

आता स्टिरॉइडचं. स्क्लेरोडर्मात प्रेडनिसोलोन दिवसाला पंधरा मिलिग्रॅमच्या वर गेलं की मूत्रपिंडावर अचानक संकट येण्याचा धोका वाढतो. रक्तदाब एकाएकी चढतो आणि दिवसांत मूत्रपिंड बंद पडू शकतं. ताईंना वीस मिलिग्रॅम चालू होतं. त्यांचं काही बिघडलं नाही, ते निव्वळ नशीब. डोस हळूहळू उतरवला आणि घरी रक्तदाबाचं मशीन घ्यायला लावलं.

औषधं, आणि ती किती पुरतात

नाशिकच्या संधिवाततज्ज्ञ मॅडमशी बोलून पुढचं ठरवलं. प्रोप्रॅनोलॉल त्याच दिवशी कमी करायला घेतलं, एकदम थांबवलं नाही. मिश्री सुटायला दोन महिने लागले आणि मधे एकदा परत लागली. जखमेवर कापाकापी करायची नाही, हे मी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं, कारण अशा बोटाला दिलेली चीर भरून येईल एवढं रक्तच तिथे पोचत नाही. एक्स-रेत हाड शाबूत होतं. पण जखमेत जंतुसंसर्ग होता, त्याला अँटिबायोटिक, आणि दुखण्यावर नीट औषध. वेदनेनेही वाहिन्या आवळतात, त्यामुळे ती सोसत राहण्यात काहीच शहाणपण नाही.

रक्तवाहिन्या सैल करायला आधी निफेडिपिन. ही गोळी जुनी, स्वस्त आणि पहिल्या पायरीची. झटके कमी होतात, पण माफक. ताईंचे पाय सुजले आणि सकाळचा दाब ९६ वर आला, त्यामुळे डोस वाढवता येईना. मग टाडालाफिल जोडलं, जे लोकांना पुरुषांच्या लैंगिक दुर्बलतेवरचं औषध म्हणून माहीत आहे. औषधाच्या दुकानात हे नाव ऐकून मिस्टर लाजून परत आले. दुकानदार हसला होता. मी फोन करून दुकानदाराला समजावलं. ही छोटी गोष्ट वाटेल, पण अशा हसण्यापायी औषध सुटतं.

टाडालाफिलबद्दल मला विशेष सांगायचंय, कारण त्याचा एक चांगला पुरावा आपल्याच देशातला आहे. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर संस्थेतल्या शेनॉय, अगरवाल आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये तो प्रसिद्ध केला. नेहमीच्या औषधांनी भागत नव्हतं अशा पंचवीस रुग्णांना चालू औषधांच्या जोडीला सहा आठवडे टाडालाफिल २० मिलिग्रॅम दिवसाआड आणि सहा आठवडे नुसती बनावट गोळी, कोणती कधी हे ना रुग्णाला माहीत ना डॉक्टरला. टाडालाफिलच्या काळात २४ च्या २४ जखमा भरल्या, बनावट गोळीच्या काळात १३ पैकी ३. अभ्यास लहान आहे हे खरं. पण ही दिवसाआडची मात्रा आपल्याकडच्या खिशाला झेपणारी आहे, आणि आम्ही तीच धरली.

मोठ्या चाचण्यांचं चित्र इतकं गुलाबी नाही. याच गटातल्या सिल्डेनाफिलवर फ्रान्समधली सेड्यूस चाचणी २०१६ मध्ये आली. ८३ रुग्ण, बारा आठवडे. जखमा लवकर भरतात हे मुख्य उद्दिष्ट सिद्ध झालं नाही, जखमांची संख्या मात्र कमी राहिली. बोसेंटान हे एंडोथेलिनला अडवणारं औषध. रॅपिड्स नावाच्या दोन चाचण्यांत त्याने नव्या जखमा घटवल्या, पहिलीत ४८ टक्क्यांनी, दुसरीत ३० टक्क्यांनी. झालेली जखम भरण्यात त्याचा काहीही उपयोग दिसला नाही. आणि त्याच कुळातलं मॅसिटेंटान ड्युअल चाचण्यांत नव्या जखमाही रोखू शकलं नाही.

एकाच वाटेवरची दोन औषधं, एक चालतं आणि एक नाही, असं का? माझा अंदाज असा की यातला काही दोष मोजण्यातच आहे. जखम कशाला म्हणायचं, खपली जखमेत धरायची का, यावर तज्ज्ञांचंही एकमत होत नाही. ऋतू बदलला की झटके आपोआप बदलतात. चाचणीत आलेला माणूस हात जपू लागतो, मोजे घालतो, आणि बनावट गोळीचा गटही सुधारतो. आणि बुजलेल्या नळीवर व्हॉल्व्ह सैल करणारं औषध किती चालणार, हा मूळ प्रश्न उरतोच.

मार्चच्या सुरुवातीला ताईंची तर्जनी टोकाला काळी पडू लागली. नाशिकला भरती केलं. अशा वेळी शिरेतून आयलोप्रॉस्ट हे वाहिन्या सैल करणारं औषध देतात. १९९४ मध्ये विगली आणि सहकाऱ्यांनी १३१ रुग्णांवर दाखवलं होतं की पाच दिवसांच्या सलाइनने आठवड्याचे झटके ३९ टक्क्यांनी घटले, बनावट सलाइनने २२ टक्क्यांनी. आम्हाला ते मिळालं नाही, म्हणून त्याच्या नात्यातलं अल्प्रोस्टाडिल लावलं. डोकं दुखलं, चेहरा लाल झाला, दाबासाठी दोनदा वेग कमी करावा लागला. तिसऱ्या दिवशी रात्री त्या पहिल्यांदा सलग झोपल्या. काळं पडलेलं टोक पसरायचं थांबलं. ते कोरडं ठेवलं, कापलं नाही, आणि मेअखेरीस अर्ध्या नखाएवढा तुकडा आपोआप गळून पडला. खाली गुलाबी कातडी होती. ताईंनी तो तुकडा कागदात गुंडाळून मला दाखवायला आणला होता.

फुप्फुसासाठी मायकोफिनोलेट हे संरक्षण यंत्रणेला आवरणारं औषध चालू केलं. २०१६ च्या दुसऱ्या स्क्लेरोडर्मा लंग स्टडीत १४२ रुग्णांत दोन वर्षांचं मायकोफिनोलेट हे एक वर्षाच्या सायक्लोफॉस्फमाइडच्या बरोबरीचं ठरलं आणि त्रास कमी झाला. गर्भाला दोन्ही घातक, बोसेंटानही, त्यामुळे हे बोलणं ताई एकट्या असताना, दार लावून केलं.

पुढचा हिवाळा

कामाचा प्रश्न औषधांपेक्षा अवघड निघाला. मी "गारठ्यात काम करू नये" असं प्रमाणपत्र लिहून दिलं, तर सुपरवायझर म्हणाला मग घरीच बसा. हंगाम चार महिन्यांचा आणि रोजंदारी पेट्यांवर ठरलेली. शेवटी मिस्टर जाऊन मालकांशी बोलले आणि ताईंना लेबल-कागदपत्रांच्या खोलीत जागा मिळाली. रोज थोडा कमी, पण खोली उबदार. हातमोज्यांचं मी सांगत होतोच. त्यापेक्षा अंग गरम ठेवा, कान झाका, पोटावर शाल घ्या, हे जास्त लागू पडलं, कारण धड गारठलं की बोटं आधी बंद होतात. पहाटेचं धुणं दुपारवर गेलं.

डिसेंबरात त्या वही घेऊन आल्या. रोजचे झटके काड्या मारून मोजलेले. आधी दिवसाला सात-आठ असायचे, आता दोन-तीन. नवी जखम एक झाली, डाव्या मधल्या बोटाला, आणि ती दाखवायला त्या चौथ्या दिवशी आल्या, महिन्याने नाही. बोसेंटान जोडायचं का, यावर मॅडमचा आणि माझा अजून वाद चालू आहे. दर महिन्याला यकृताची तपासणी करायची, म्हणजे रोज बुडवून नाशिकची फेरी. फुंकण्याची चाचणी ७३ वर टिकून आहे. कातडी मनगटापर्यंत थोडी कडक झाली आहे.

या वेळी सोबत मुलगी होती, सतरा वर्षांची, तो फोटो काढणारी. ताईंनी तिचा हात माझ्यासमोर टेबलावर ठेवला. "हिचीपण होतात." मुलगी मान खाली घालून बसली होती.

डाव्या अनामिकेवर थेंब टाकला. केशवाहिन्या एका रांगेत, बारीक, सगळ्या सारख्या. बोटं मऊ, टोकाला एकही खळगा नाही. एएनए आठवड्याने आला, निगेटिव्ह. औषध काहीच लिहिलं नाही, मोजे घाल म्हटलं, आणि वर्षाने एकदा दाखवून जा.

ताईंचा विश्वास बसेना. "निदान ताकदीची तरी काहीतरी द्या," म्हणाल्या. मी मुलीचा हात परत डर्मोस्कोपखाली धरला आणि त्यांनाच बघायला लावलं. मग त्यांचा स्वतःचा. त्या बराच वेळ एकदा हिचा, एकदा आपला असं बघत राहिल्या.